यादीतलं सहावं नाव

कोल्हापुरात माजी सैनिकांचं आणि त्यांच्या कुटुंबांचं कल्याण पाहणाऱ्या सरकारी कचेरीत मी नऊ वर्षं अधिकारी होतो. कल्याण बरंचसं अर्जांत असे, उरलेलं व्यासपीठावर.

एकाहत्तरच्या लढाईनंतरच्या वर्षी एक मंत्री यायचे ठरले. वीरपत्नींचा सत्कार होणार होता. वरून निरोप आला, सहा बायका हव्यात. व्यासपीठाच्या एका बाजूला सहा पुढारी बसणार होते, दुसरी बाजू उणी दिसायला नको. मी म्हणालो, माझ्याकडे पाचच विधवा आहेत. हे वाक्य आज लिहितानाही लाज वाटते. तेव्हा मला फक्त एक कमी पडल्याची काळजी होती.

सहावं नाव मी घातलं. कोडोलीची बाई, वय बावीस-तेवीस. तिचा नवरा लढाईत बेपत्ता झाला होता. पलटणीचं पत्र आमच्याच फायलीत होतं आणि हेडक्लार्कने ते माझ्यासमोर ठेवलंही होतं. बेपत्त्यांसाठी आमच्या तक्त्यात रकाना नव्हता. सत्कारच आहे, शिक्षा नव्हे, घाला, असं मी त्याला सांगितलं.

ती सासूबरोबर आली. हातात हिरवा चुडा, कपाळावर ठसठशीत कुंकू. सरकारने बोलावलंय म्हणजे नवऱ्याची काही खबर असेल, या आशेने दोघी आल्या होत्या. मागे गावचे लोक, भावकी. मंत्र्यांनी पाऊण तास भाषण केलं आणि प्रत्येक शहिदाचं रक्त दोन-दोनदा सांडलं. मग स्थानिक महिला मंडळाच्या एक बाई करंडा घेऊन समोरच्या बायकांना हळदकुंकू लावत व्यासपीठावर आल्या. पाच जणींना वगळून त्या सहावीपाशी थांबल्या. तिचं कुंकू पाहून त्यांनी बोट करंड्यात बुडवलं, मग गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मी यादीतल्या तिच्या नावावर बोट ठेवलं.

बाई पुढे गेल्या. भावकीने ते पाहिलं.

व्यासपीठाच्या पायऱ्यांशी सासूने मला गाठलं.

"सायेब, कवा गेला त्यो?"

मी म्हणालो, "तसं काही नाही, मावशी. ही नुसती सत्काराची यादी आहे."

"मंत्री खोटं बोलत्यात व्हय?"

मंत्र्यांची मोटार निघत होती. मी तिकडे धावलो.

पाहुण्यांना आभाराची पत्रं लिहिण्यात चार दिवस गेले. पाचव्या दिवशी पलटणीचं पत्र घेऊन कोडोलीला गेलो. ती दारात आली. मनगटं मोकळी, कपाळ पांढरं. समारंभाच्या दुसऱ्याच दिवशी भावकी जमली होती. मी पत्र वाचून दाखवलं, बेपत्ता या शब्दावर मुद्दाम थांबलो.

तिने विचारलं, "ह्यो कागद तवा तुमच्यापाशी हुता?"

"होता."

"मग तितं का वाचला न्हाईसा?"

सासूने चहाचं विचारलं. मला नको म्हणायलाही जमलं नाही. चहा पिऊनच निघालो.

पुढे कित्येक वर्षांनी, तो मृत समजावा असं लष्कराचं पत्र आलं. हेडक्लार्क सज्जन माणूस. म्हणाला, "साहेब, म्हणजे आपली यादी बरोबरच होती."

जीप दारात उभी होती आणि कोडोली काही लांब नव्हतं. ते पत्र मी पोस्टाने पाठवलं.