श्रद्धांजलीची वही

सात रस्ता चौकातल्या चहाच्या टपरीवर मला भेटणारे एक निवृत्त गुरुजी मोबाइलवरच्या लेखनाचा अभ्यास करतात. आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुठल्या श्रद्धांजलीला किती जणांनी हात जोडले, ते वहीत टिपतात. "कोरडं लिहिलं की कोण थांबतंय हो?" असं मला ऐकवतात.

गेल्या महिन्यात त्यांनी ग्रुपवर एवढंच लिहिलं, "आज पहाटे बायको वारली." सुप्रभातच्या फुलांखाली ती ओळ गाडली गेली. मी वाचली होती. नंतर लिहू म्हणून फोन ठेवला. संध्याकाळी त्यांनी 'प्रेमळ, मनमिळाऊ, हसतमुख' असा लांबलचक मजकूर टाकला. लगेच सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.

परवा टपरीवर त्यांनी वही उघडून माझ्यापुढे सरकवली. "बघा, मी म्हणत होतो की."

'आज पहाटे बायको वारली' या पहिल्या ओळीपुढे शून्य होतं.