सत्तर कोटींचा भागाकार

चौऱ्याऐंशीच्या ऑलिंपिकच्या दिवसांत मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या फळ्यावर मी रोज सकाळी पदकांचा तक्ता लिहीत असे. जिन्याखालचा तो फळा खरं तर पाण्याच्या वेळांसाठी होता. पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात मी त्या वेळा पुसून टाकल्या. तळमजल्यावरच्या वहिनी रिकामी कळशी घेऊनच वर आल्या. "अहो, अमेरिकेला किती सोनं मिळालं ते कळलं. पाणी कधी येणार ते कुठाय? पदकं प्यायची का?" तेव्हापासून पाणी वर, देश खाली, अशी वाटणी झाली.

नुसती पदकं मोजणं मला पटत नसे. मोठ्या देशाला जास्त मिळणारच. शिवाय त्या वर्षी रशिया आलाच नव्हता. म्हणून मी पदकांना लोकसंख्येने भागू लागलो. लगेच न्यूझीलंड वर सरकलं. मुंबईच्या निम्मीही वस्ती नाही त्या देशाची! आमच्या शेजारचे मालवणचे काका संपात गिरणीतली नोकरी सुटल्यापासून घरीच असत. तक्ता वाचून ते हसले. "आणि आपला? शून्याक सत्तर कोटींनी भागलंस तरी शून्यच मरे!"

घरात तेव्हा वेगळाच प्रश्न होता. मुलगी दहावीत होती. नाहूरच्या बाजूच्या मैदानावर ती पहाटे धावायला जायची आणि शाळेत आठशे मीटरला पहिली यायची. पण दहावीच्या वर्षी आमच्याकडे टीव्हीवर चादर पडायची, पाहुण्यांनासुद्धा नको म्हणायचे. गणपतीनंतर सकाळचा क्लास सुरू आणि धावणं बंद, असं हिने आणि मी ठरवलं होतं.

एका सकाळी मी आकडेमोड करत होतो. ती मैदानावरून आली आणि माझ्या खांद्यावरून वाकून पाहू लागली.

"बाबा, भागाकार चुकलाय."

असं मला सहसा कोणी म्हणत नाही. "कुठे?"

"सत्तर कोटी कुठे धावतात? धावतात त्यांनीच भागा ना. आपल्या बिल्डिंगमध्ये कोण धावतं, सांगा."

मी एकेक मजला आठवून पाहिला. "तू."

"गणपतीनंतर मीपण नाही."

ती अंघोळीला गेली. कागदावरचं शून्य बरोबरच होतं. पण ते कसं तयार होतं, ते आता मला घरातच दिसत होतं.

स्वयंपाकघरात ही म्हणाली, "ऐकलं मी. मार्क कमी पडले तर?"

"संध्याकाळच्या बॅचला घालू. सहामाहीत घसरले तर तू म्हणशील तसं."

नाव घालायला ही क्लासला माझ्याबरोबर आली. सर म्हणाले, "संध्याकाळच्या बॅचला हुशार मुलं नसतात हो."

"आमची आली की असतील," ही म्हणाली.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दाराची कडी वाजली. मी जागाच होतो. ही माझ्याआधी उठली आणि दारात जाऊन ओरडली, "थांब गं, रिकाम्या पोटी जाऊ नकोस!" रात्री भिजवलेले चणे तिने मूठभर मुलीच्या हातावर ठेवले. मुलगी ते खातखातच जिना उतरली.