मासेवाल्या काकांचा लाल मासा

आमच्या भाचीला घरात सगळे भिंग म्हणतात. नाव मीच ठेवलंय. लहानपणी ताटात वाटाणे पडले की एकेक उचलून उजेडात धरायची, मग खायची. माझी बहीण, म्हणजे तिची आई, कपाळाला हात लावून बसायची. आता त्याच खोडीची तिला नोकरी आहे.

ती प्रयोगशाळेत डीएनए वाचते. म्हणजे काय, हे तिने मला इतक्यांदा समजावलंय की आता मी शेजारणीला समजावते. जिवाचा बारीकसा तुकडा घ्यायचा, त्यातला डीएनए काढायचा, यंत्रात घालायचा. यंत्र अक्षरांची लांबलचक माळ देतं. अक्षरं चारच, पण वाचता वाचता माणूस पेंगतो. मग ती माळ संगणकावरच्या एका भल्यामोठ्या साठ्याशी ताडून बघायची. जगभरच्या लोकांनी आपापल्या माळा तिथे नावानिशी टाकून ठेवल्यात. जी सगळ्यात जास्त जुळते, ती यादीत सगळ्यात वर.

"नवराही असाच निवडलास का गं?" मी एकदा विचारलं.

"नाही, तिथे जरा घाई झाली," ती म्हणाली. आतल्या खोलीत जावईबापू उगाचच खोकले.

तर झालं काय, एका सकाळी मी बाजारात गेले तर मासेवाल्या काकांच्या गाळ्याला कुलूप! काका बाहेर पालथ्या टोपलीवर बसलेले. ज्यांच्या आरोळीने कोपऱ्यावरची मांजरं खडबडून उठतात, ते काका चक्क गप्प.

"तपासणीवाले काप घेऊन गेले होते, ताई. म्हणतात, लाल मासा सांगून तळ्यातला स्वस्त मासा विकतो मी. सोमवारी सुनावणी आहे. परवाना गेला की संपलंच."

"आणि विकता का?" विचारायला काय जातंय!

"ताई! पहाटे बंदरावरून मी आणतो, कातडी मी सोलतो, आणि मला कळणार नाही?"

कातडी सोलली की दोन्हीचे काप सारखेच पांढरेफटक, हे मात्र खरं.

अशा तपासण्या होतात भाचीकडेच. तिचा डबा नेमका घरी राहिला होता, ते बरंच निमित्त झालं. तिच्या टेबलावर डबा ठेवला आणि विचारलं, "काकांच्या माशावर सही कोणाची?"

"माझी. आणि कामातलं मी बोलणार नाही, मावशी."

"नको बोलूस. मी बोलते, तू जेव."

"अगं, शंभर टक्के जुळलाय तो तळ्यातल्या माशाशी! एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मी काय करू?"

"काही नको करूस. फक्त सांगते, काका आज ओरडत नव्हते."

तिचा घास तिथेच थांबला. फ्रॉक घालायची तेव्हापासून ती त्या गाळ्यावर जाते. 'बघ तूच,' असं म्हणत तिने यादी उघडली, मला गप्प करायला. वर तळ्यातला मासा, ऐटीत. त्याच्या खाली लाल मासा. त्याच्या खालीही लाल मासा. ती खाली खाली जात राहिली, लाल माशांचा अख्खा गोतावळा! सगळे एखाद-दुसऱ्या अक्षराने मागे पडलेले.

"अरेच्चा," ती म्हणाली. वरच्या नावावर सही ठोकून आमच्या भिंगबाई मोकळ्या झाल्या होत्या.

मग तिने झाड काढलं. कुणाची अक्षरं कुणाशी किती जुळतात यावरून संगणक नात्यांच्या फांद्या काढतो. जवळचे नातलग शेजारी, लांबचे लांब. तळ्यातले सगळे मासे एका टोकाला गुण्यागोविंदाने बसले होते आणि यादीतला हा वरचा पठ्ठ्या एकटाच लाल माशांच्या फांदीवर. दुसऱ्यांच्या घरच्या फोटोत हसत उभं राहावं तसा!

"म्हणजे लाल माशाच्या अक्षरांवर कुणीतरी तळ्यातल्याचं नाव चिकटवलंय," भाची म्हणाली.

"कोण ते गाढव? लिहिलं असेल की तिथे."

तिने बघितलं. कान लालबुंद झाले.

"मावशी, तू घरी जा."

"नाव वाच आधी."

"मी."

कॉलेजात असताना दोन मासे एकाच टेबलावर कापले होते म्हणे, नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. त्यातला लाल मासाही याच किनाऱ्यावरचा, म्हणून तर अक्षर न अक्षर जुळलं.

"तुझी ती पहिली नोंद? जिच्यासाठी तुझ्या आईने गावभर फोन केले होते?" मी इतकी हसले की मला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. ती मात्र हसत नव्हती.

"अगं, नोंद चुकलीय एवढंच सांग," मी म्हटलं. "कुणाची, ते कशाला?"

"कारण ज्याने टाकली त्यालाच ती दुरुस्त करता येते. आणि काका तिकडे टोपलीवर बसलेत."

गेली तडक प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंच्या खोलीत. काचेतून मला सगळं दिसत होतं. बाईंनी चष्मा काढला, घातला, परत काढला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरलेच, पण बाई चक्क हसत होत्या! उरलेला काप पुन्हा तपासला, झाडासकट नवा अहवाल गेला, आणि यापुढे नुसत्या वरच्या नावावर सही करायची नाही, असं सगळ्यांना बजावण्यात आलं. सोमवारी गाळ्याचं कुलूप निघालं.

काकांना सांगायला भाची स्वतः गेली. सगळं, चिठ्ठ्यांसकट.

"म्हणजे अडकवलंसही तूच आणि सोडवलंसही तूच?" काका कमरेवर हात ठेवून म्हणाले.

"हो, काका. चुकलंच माझं."

"मग आता सोललेला काप तुला बंद! अख्खा मासा बघायचा, नाव सांगायचं, बरोबर आलं तरच पिशवीत."

रांगेतल्या बायका पदर, रुमाल तोंडाला लावून उभ्या. भाचीने वाकून एक मासा उचलला, उलटा केला, कल्ले उघडून बघितले, मग शेपटी मोजपट्टी लावल्यासारखी निरखली.

"लाल?" ती म्हणाली.

"चूक!" काका असे गरजले की कोपऱ्यावरची मांजरं ताडकन उठली.

"काका, दुपार व्हायला आली," मी म्हटलं, "मला तरी द्या."

"थांबा ताई, हिला पुढचा मासा विचारतोय."