ओल्या पायाचा ठसा
न्हाणीघराच्या फरशीवर ओला पाय उमटला की मला पलूसच्या बाजारातले बूट शिवणारे मामा आठवतात. तेव्हा मी सातवीत होते. लेझीमसाठी पांढरे बूट हवे होते. आईने नेहमीसारखे वाढत्या पायाचे म्हणून दोन नंबर मोठे घेतले आणि पुढे चिंध्या कोंबल्या. सरावात पहिल्याच उडीला एक बूट उडून बाईंच्या पुढ्यात पडला. ‘उद्या नीट बूट नसतील तर पथकात येऊ नकोस,’ त्या म्हणाल्या. मी रडत घरी आले. आई तशीच मला मामांकडे घेऊन गेली. त्यांनी माझा पाय पाण्यात बुडवून फरशीवर टेकवायला लावला. घरचे ज्याला फावडं म्हणायचे, तोच पाय तिथे उमटला. ‘आवं ताई, पाय लांब न्हाई, रुंद हाय. बूटच चुकलाय.’ ‘पण वाढतोय की,’ आई म्हणाली. ‘वाढंल तवा वाढंल. नाचायचं उद्या हाय न्हवं?’ त्यांनी शेजारच्या दुकानातून माझ्या नंबरचे बूट मागवले, पंजापाशी उसवले आणि तिथे कापडाची पट्टी शिवून दिली. दुसऱ्या दिवशी मी मनसोक्त नाचले, बूट जागचा हलला नाही. आज साठी उलटली, तरी वाटतं, माझ्या पायाला सोडून बुटाला नावं ठेवणारा तो पहिला माणूस.