मंगळावरची विहीर

भीमराज मनवरांनी आयुष्यात कधी विमान जवळून पाहिलं नव्हतं, पण मंगळावरच्या एका खड्ड्यातले सत्तेचाळीस थर त्यांना तोंडपाठ होते. लोहाऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत हे कोणाला पटत नसे. शेजारचा रामधन तर चारचौघांत सांगायचा, "बुढा लॅपटॉपवर पत्ते खेळत असन, दुसरं काय!" भीमराज हसून सोडून देत.

एकतीस वर्षं ते सरकारी भूजल खात्यात होते. काम एकच, विहिरीत उतरायचं. दारव्ह्यापासून दिग्रसपर्यंतच्या किती विहिरींच्या भिंती त्यांनी वाचल्या असतील, त्याचा हिशोब त्यांनाही नव्हता. कमरेला दोर, हातात टेप, खिशात वही. काळी माती इतके फूट, मुरूम इतके फूट, मग काळा पाषाण, मध्येच लाल मातीचा पट्टा, पुन्हा पाषाण. वरचा थर नवा, खालचा जुना. उतरायचं मात्र भर बाराला, कारण तेव्हाच ऊन तळापर्यंत पोचतं. सकाळ-संध्याकाळच्या अर्ध्या सावलीत भिंत धड वाचता येत नाही, असा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नाही.

भैरवी ही यवतमाळातल्या एका वकिलाची मुलगी. कॉलेजात असताना ती त्यांच्या मागोमाग पंधरा दिवस विहिरी हिंडली होती. पुढे ती पुण्याला जाऊन मंगळाच्या खडकांवर पीएचडी करायला लागली. भीमराजांची बायको बेबीताई वारल्याचं कळलं तेव्हा भेटायला आली आणि जाताना आपला जुना लॅपटॉप ठेवून गेली.

"काका, मंगळाभोवती फिरणाऱ्या यानानं काढलेले फोटो आहेत. थर उघडे पडलेत. तुम्ही फक्त एकेका थराची रेघ मारायची आणि क्रम लिहायचा. तुमच्यासारखी नजर आमच्यात कोणाला नाही."

तीनशे किलोमीटर वरून खडक वाचायचा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणंच, असं भीमराजांना आधी वाटलं. पण पहिलाच फोटो उघडला आणि आत गोलच्या गोल कडी दिसली, एकात एक, मध्यापर्यंत गेलेली. ते ओरडलेच, "अरे, हे तर विहीर हाय!" बाहेरचं कडं नवं, मधलं सगळ्यात जुनं. त्यांनी रेघा मारायला घेतल्या.

तेव्हापासून रविवारला अर्थ आला. सकाळी विहारात वंदना, मग एकट्याचा स्वयंपाक, मग पाचपर्यंत दिवस ढकलायचा. पाचला भैरवीचा फोन. तासभर दोघं भांडत, हा थर एक की दोन, ही भेग की सावली. खरं सांगायचं तर भीमराज आठवडाभर जगत ते त्या एका तासासाठी. एरवी घरात इतकी शांतता, की फ्रीजची घरघर थांबली तरी माणूस दचकावा. बेबीताई होती तेव्हा तिच्या बडबडीला ते कंटाळत. आता त्या कंटाळ्याची आठवण आली तरी डोळे भरून येत.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी भैरवीनं पहिल्या फोटोतल्याच जागेचा नवा, जास्त स्पष्ट फोटो पाठवला. त्यात काही मोठे दगड थरांतून सुटून घरंगळलेले दिसत होते. मातीत त्यांच्या वाटा उमटल्या होत्या. भीमराजांनी एका वाटेवर बोट ठेवलं आणि ते थबकले. वाट आतल्या कड्यातून निघून बाहेरच्या कड्याकडे गेली होती. दुसरी तशीच. तिसरी तशीच.

दगड काही आपल्या पायानं चढत नाही. म्हणजे मधला भाग उंच होता. ती विहीर नव्हती, टेकडी होती.

कावीळ झालेल्याला जग पिवळं, तसं विहिरीत जन्म गेलेल्याला सगळीकडे विहीर. फोटोत ऊन कोणत्या बाजूनं पडलंय, हे पाहिलं असतं तर सावलीनंच सांगितलं असतं. पण ज्यानं एकतीस वर्षं भर बाराला खडक पाहिला, त्याला ऊन कुठून येतं हा प्रश्नच कधी पडला नव्हता. सत्तेचाळीस थर त्यांनी उलटे लिहिले होते. सगळ्यात जुना म्हणून लिहिला तो सगळ्यात नवा होता.

भैरवीचं पीएचडीचं लिखाण पुढच्याच आठवड्यात तपासायला जायचं होतं. सांगावं तर टेकडी आणि विहीर न ओळखणाऱ्या म्हाताऱ्याला ती कशाला फोन करील? न सांगावं तर पोरीचं नाक कापलं जाईल. पण वहीत खोटा आकडा त्यांनी कधी लिहिला नव्हता. रविवारी तिला बोलूही न देता ते म्हणाले, "मॅडम, चुकलो मी. थे विहीर नोहे, टेकडी हाय. सारे थर उलटे लिहून ठेवले मी."



"काका, मला माहीत आहे ते," भैरवी हळूच म्हणाली. "जूनमध्येच कळलं, उंचीचा नकाशा आला तेव्हा. मी क्रम फिरवून घेतला. तुमची रेघ एकही चुकली नव्हती हो."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आन् जूनपासूनचे फोटो? अकरा केले मी."

"ते कामात नाही घेतले. तुमचं मन रमत होतं, म्हणून पाठवत राहिले."

माणसं भली असतात, तीच तर पंचाईत. मोडीत काढतात आणि वर जपूनही बोलतात.

"वाईट वाटलं असतं, मॅडम," भीमराज म्हणाले. "पण शिकलो असतो. आता निस्तं वाईट वाटून राह्यलं."

भैरवीनं रडत माफी मागितली. त्यांनीच तिची समजूत घातली. पुढच्या रविवारीही पाचला फोन आला, त्याच्या पुढच्याही. फोटो मात्र आला नाही. तब्येत, थंडी, जेवण, गुडघा. आजाऱ्याशी बोलावं तशी ती बोलायची. आधी दहा मिनिटं, मग सहा, मग चार. कुठल्याच गोष्टीवर ती आता भांडत नव्हती.

चौथ्या रविवारी तेच म्हणाले, "मॅडम, तुमाले लय कामं असतीन. आता दर रविवारी फोन नाही केला तरी चालते."

बोलून गेले, आणि फोन कानाला घट्ट दाबून धरला. ती रागवेल, काहीतरीच काय बोलता काका म्हणेल, म्हणून ते श्वास रोखून ऐकत होते.

"बरं काका," भैरवी म्हणाली. "जपा हं तब्येतीला."