कपाटातला रॉकेलचा वास

मैत्रिणींनो, आज भोरच्या कुरिअरवाल्याने आमच्या ह्यांचा ट्रेकचा स्टोव्ह आणि रॉकेलची रिकामी बाटली एकदाची घेतली. हे गेल्यापासून दोन्ही कपाटात पडून होतं. परदेशातल्या लेकीला तंबूबाहेर बाबांच्याच स्टोव्हवर चहा करायचाय.

मागच्या आठवड्यात त्याने पार्सल परत केलं होतं. "मॅडम, रॉकेलचा वास येतोय. असं विमानात चालत नाही." मी तर बाटली साबणाने धुऊन, नाकाशी धरून पाहिली होती. मला काहीच वास येत नव्हता.

मग वेल्ह्याहून नणंद आली. तिने बाटलीचं झाकण उघडलं मात्र! "आवं वयनी, आख्खा दादा बसलाय की हितं! तुमचं नाक काय नुसतं चमकी घालायला ठिवलंय व्हय?"

हसता हसता दोघी रडलो. मग स्टोव्हचा एकेक भाग सुटा करून गरम साबणाच्या पाण्याने घासला, बाटली पुन्हा पुन्हा विसळली, अंगणात उघडी वाळवली. कपाटही पुसून काढलं. रोज संध्याकाळी वास घ्यायचं काम नणंदेचं. काल ती हळूच म्हणाली, "गेला, वयनी."

आज घरी येऊन कपाट उघडलं आणि थबकलेच. कपाट परकं वाटलं. इतकी वर्षं मला जी साधी हवा वाटत होती, ते आमचे हे होते! मिशनच्या शाळेत सिस्टर सांगायच्या, देव हवेसारखा असतो, इतका जवळ की जाणवत नाही. आज कळलं.

तुमच्या घरात आहे का असा एखादा वास, जो फक्त पाहुण्यांनाच येतो?