वांडाचं शिसं

नदीत उतरण्याआधी वांडा नोवित्स्की हातमोजा काढून बोटं पाण्यात बुडवी. बोटं किती लवकर बधिर होतात, प्रवाह कसा ओढतो, आपला बूट किती खोलीवर दिसेनासा होतो, एवढं पाहिलं की तिचं ठरे. वसंताच्या तोंडावर वॉलाय मासे अंडी घालायला मॉमी नदीत चढतात. पण थंडीनं ते सुस्त असतात, तळ सोडत नाहीत. आमिष अगदी नाकापुढून रेंगाळत गेलं तरच तोंड उघडतात.

"गढूळ आहे. पिवळं शेपूट लावा, शिसं हलकं," ती सांगे, आणि कमरभर पाण्यात रांगेनं उभे असलेले पुरुष मुकाट आपापले डबे उघडत.

आमिषाच्या रबरी शेपटाच्या रंगावर ती वाद ऐकून घेई, पण गळ तळाशी नेणाऱ्या शिशाच्या वजनावर नाही. फार वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्यानं, स्टॅशनं, घाईत जड शिसं लावलं होतं. ते दगडांच्या फटीत अडकलं. तोंड बाजूला न वळवता त्यानं गळाची काठी उचलून हिसडा दिला, आणि शिसं सुटलं ते थेट त्याच्या डाव्या डोळ्यात. वांडानं त्याला काठावर ओढून आणलं तेव्हा डोळा गालावर आला होता. तेव्हापासून ती गॅरेजमध्ये स्वतःच शिसं ओती. जेमतेम तळ गाठेल, पण फटीत बसणार नाही, इतकंच.

त्या शनिवारी ड्वेन नावाचा एक धिप्पाड परका माणूस तिच्या आणि स्टॅशच्या मधे घुसला. त्याचं शिसं अंगठ्याएवढं होतं. आमिष नावापुरतं; तो उघडा गळ तळावरून खसाखसा ओढत होता. थोड्याच वेळात एक मादी आली, पोटात गळ रुतलेली, अंडी गळत असलेली. त्यानं तिचं डोकं सोट्यानं ठेचलं आणि तिला दोरीत ओवलं.

"अरे बाबा, गळ तोंडात लागलेला नाही," स्टॅश म्हणाला. "असा मासा सोडावा लागतो, नियम आहे."

"तुझा आहे का, काण्या?"

"त्याला एका डोळ्यानं दिसतंय ते तुला दोन्हींनी दिसत नाही, दादा," पलीकडून लमार म्हणाला. तो आणि स्टॅश वर्षानुवर्षं शेजारी उभे राहत.

ड्वेनचा ठोसा डावीकडून आला. स्टॅशला तो दिसलाच नाही. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज वांडाला ऐकू आला. तो पाण्यात पडला, आणि ड्वेननं त्याची मान धरून त्याला खाली दाबलं. लमारनं मागून गळा आवळला तेव्हा कुठे पकड सुटली. लमारचा ओठ मात्र कोपरानं फाटला. स्टॅशला काखेत धरून तो काठाकडे चालू लागला. पाण्यावर रक्ताची लांब रेघ ओढली गेली.

ड्वेन आपल्या काठीकडे वळला. त्याच्या गळाची दोरी वाहत वांडापुढे आली होती आणि शिसं तळाशी अडकलं होतं. शिव्या देत त्यानं काठी उचलली, तोंड सरळ दोरीकडे, आणि हिसडा दिला. मग आणखी एक. दोरी ताणून गुणगुणू लागली.

हे वांडानं एकदा पाहिलं होतं. ओढ, ती मनात म्हणाली. अजून जोरात ओढ. रक्ताची रेघ तिच्या पोटापाशी येऊन फुटत होती. शिसं हललं.

तिनं गळ्यात अडकवलेली सुरी काढली आणि दोरी कापली.

ड्वेन उताणा पडला. उठला तोच तिच्या तोंडावर मूठ बसली, दुसरी कानशिलावर. तिचे पाय सुटले, बर्फाचं पाणी रबरी पोशाखात शिरलं. मग सगळी रांगच त्याच्यावर धावून गेली आणि त्याला उथळ पाण्यात ओढून नेलं. कुणी जाळ्याच्या दांड्यानं त्याच्या पाठीत घातलं, कुणी त्याच्या बरगड्यांत लाथा घातल्या. तो गुडघ्यांवर आला तरी ते मारतच होते.

"पुरे," वांडा म्हणाली आणि दात थुंकली. "जाऊ द्या त्याला."

"थेरडीनं माझी दोरी कापली," लंगडत जाताना तो भेटेल त्याला सांगत होता. "काही कारण नसताना."

काठावर स्टॅश नाकाला सँडविचचं फडकं लावून बसला होता.

"कशाला कापलीस? मी ओढू दिलं असतं."

"मीही देणारच होते."

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं.

"म्हणजे काण्यांच्या मंडळात स्टॅश अजून एकटाच, मिस वांडा," लमार फुटक्या ओठानं म्हणाला. हसताना त्याला कळ आली.

वांडानं डबा उघडला, पण बोटं गारठून बधिर झाली होती, शेपूट गळात ओवता येईना. स्टॅशनं ते तिच्या हातातून घेतलं आणि चांगल्या डोळ्याजवळ धरलं.

"पिवळंच ना?"

"पिवळंच," ती म्हणाली. "आणि शिसं माझं लाव."